पाळण्याकडे वळलेली रोपं

लोणावळ्यात धुकं खिडकीला चिकटून बसलं की कित्येक दिवस ऊन दिसत नाही. म्हणून अमृतानं मिरचीच्या रोपांसाठी दिवा आणला. आधी जांभळा आणला, पण त्यात रोपं नुसतीच उंच आणि लुकडी झाली. मग पांढरा लावला, आणि ती अशी तरारली की ओवीला पाजता पाजता अमृता त्यांच्याकडेच बघत बसे.

फक्त रोपं दिव्याकडे वळत नव्हती. ट्रे रोज फिरवला तरी दुपारपर्यंत सगळे शेंडे ओवीच्या पाळण्याकडे झुकलेले असत.

टाकव्याहून आलेल्या सासूबाई हसल्या. "रोपं उजेडाकडंच वळत्यात, पोरी. तिकडं काय हाय?"

"तिकडं तुमची नात आहे, आई."

"मग तीट लाव तिला. रोपांची बी नजर लागंल."

तेवढ्यात वीज गेली. खोली करडी झाली. आणि पाळण्यासमोर, रोपांमागच्या भिंतीवर पानन् पान सावली होऊन उमटलं, रेखीव, नाजूक. पाळण्यात ओवी खुदकन हसली, तशा सावल्या आणखी गडद झाल्या.

"किती सुंदर," अमृता पुटपुटली.

सासूबाईंचं हसू मावळलं. काजळाची डबी उघडून त्यांनी घाईघाईनं ओवीच्या कपाळाला बोट टेकवलं. भिंत हळूहळू कोरी झाली.

"झालं, आता काय न्हाई," म्हणत त्या देवापुढं वात लावायला आत गेल्या.

अंधारलेल्या खोलीत रोपं माना टाकू लागली. अमृता त्यांच्याकडे बघत राहिली, मग ओवीकडे.

ओढणीचं टोक ओलं करून तिनं ती तीट अलगद पुसली.