पुजलेले चाळ

गुडघ्याला एरंडेल चोळून झालं तरी नागुबाई उठेना. समोर सुपात घुंगरांचे चाळ ठेवलेले, त्यांच्यावर हळदकुंकू. खंडेनवमीला लोक आपापली हत्यारं पुजतात. निपाणीच्या त्या नाचाच्या घरात ढोलकी आणि चाळ पुजत. आणि पुजलेले चाळ दिवस मावळायच्या आत कुणाच्या तरी पायात वाजलेच पाहिजेत, हा तिथला रिवाज. मुके चाळ परत पेटीत घातले तर घराची बरकत जाते म्हणे.

"ऊठ नागू," यशोदाबाई म्हणाली. नाचाची बारी तिची, घर तिचं, शब्दही तिचाच चालायचा. "आज नाचलीस तर तुझी पोरगी बेळगावला शाळेत. न्हायतर चाळ तिच्या पायात. ठरलंय आपलं."

"ठरलंय, आक्का."

चिकोडीच्या जत्रेत नाचता नाचता फळी मोडली आणि तिचा गुडघा निखळला, त्याला वर्ष होत आलं होतं. हाडवैद्यानं पाय बसवला आणि बजावलं, घाई केलीस तर जन्माची लंगडी होशील. म्हणून पाय भार धरू लागल्यापासून रोज सकाळी म्हातारा मष्णू ढोलकी घेऊन बसायचा आणि तिला नव्यानं उभं करायचा. चाळ नाहीत, सगळं ठाय, म्हणजे अगदी संथ लयीत, कोऱ्या पोरीला शिकवावं तसं. पाय कुठं टेकायचा, भार कधी सोडायचा, गिरकी कुठून उचलायची, एकेक बोल तोंडानं म्हणत. एके काळी जिच्या नाचावर अख्खी निपाणी जीव टाकायची, ती बाई आता पाऊल टाकताना भुईचा अंदाज घेत होती. पण तिनं कुरकूर केली नाही. लेकीच्या, हौसाच्या शाळेसाठी तिनं दोन परकर शिवून ठेवले होते. पोरीच्या नजरेस हे काही पडू नये म्हणून तालमीच्या वेळी ती तिला आत चुलीपाशी बसवायची आणि दार लोटून घ्यायची.

आजही दार लोटलेलं होतं. नागुबाईनं चाळ बांधले आणि ती उभी राहिली.

ठाय लयीत सगळं झकास झालं. गुडघ्यानं हूं की चूं केलं नाही. मष्णूचा चेहरा उजळला. नागुबाईला वाटलं, सुटलो आपण, पोरगी सुटली.

"बरं हाय," यशोदाबाई म्हणाली. "पर लोक काय हे बघायला येत्यात व्हय? चढव, मष्णू."

मष्णूचा हात घुटमळला. "आक्का, अजून थोडं दिस..."

"चाळ आज पुजल्यात."

लय चढली. नागुबाई तीही पेलत गेली, आणि गिरकीला गुडघा दगा देऊन बसला. सम हातची गेली. तिनं भिंत धरली.

"मष्णूमामा, परत."

परत तिथंच. घामानं तिची चोळी भिजली.

"परत," ती म्हणाली, आणि तिचा आवाज भीक मागितल्यासारखा आला.

मष्णूनं पुन्हा ठेका धरला. गिरकीला ती कोलमडली, हातांवर पडली. पण सम पडली. लोटलेल्या दाराआडून, उघड्या टाचेची, बरोबर जागेवर.

मष्णूची ढोलकी थांबली.

"भांडं पडलं असंल," नागुबाई घाईनं म्हणाली.

"वाजीव," यशोदाबाई म्हणाली.

मष्णूनं नागुबाईकडं पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"वाजीव म्हणते न्हवं."

त्यानं मान खाली घालून वाजवलं. दाराआड पावलं उठली, गिरकी फिरली, आणि सम पुन्हा नेमकी पडली. यशोदाबाईनं जाऊन दार उघडलं. हौसा उभी होती, हाताला भाकरीचं पीठ, तोंडभर हसू.

"आई, तू चुकतीस तिथं मी न्हाय चुकत बघ."

"कुणी शिकीवलं गं तुला?" यशोदाबाईनं विचारलं.

"कुणी न्हाय. आई रोज सावकाश करती, मामा तोंडानं सांगतोय. आत सगळं ऐकू येतंय." मग आईचा चेहरा बघून ती म्हणाली, "तू बस की आई. आज तुझ्याबदली मी करते."

नागुबाईला वाटलं, त्या फळीखाली पायाबरोबर आपणही गेलो असतो तर बरं झालं असतं. रोज सकाळी जपून, मोजून, ती स्वतःच्या हातानं पोरीला या घरात घालत आली होती.

पहिले चाळ आईनंच बांधायचे, हाही रिवाज. ती भुईवर बसली आणि तिनं आपले चाळ सोडले. हौसानं पाऊल पुढं केलं. नागुबाईनं चाळ गुंडाळले, गाठ मारली, आणि हात काढताच ते घसरून टाचेवर आले. घोटा फार बारीक होता. नागुबाईनं झटकन मान वर केली.

"आक्का, मापाचे न्हाईत गं तिच्या. बघ की."

"आणि एक वेढा घाल," यशोदाबाई म्हणाली.

नागुबाईनं घातला.