सोमवारची दाढी

कर्णिकसाहेबांची अर्धी दाढी झाली होती, वस्तरा गळ्याशी होता, आणि पालिकेची अतिक्रमणवाली गाडी फुटपाथवरच्या त्या खुर्चीशेजारी लागली.

“उचला ती खुर्ची!” मुकादम ओरडला. तुळशीराम न्हावी गारठला. खुर्ची गेली की तीस वर्षांचा धंदा गेला.

“आधी दाढी होऊ दे!” साहेब फेसातून गरजले. तासाभरात लेकीला बघायला पाहुणे येणार होते, आणि सोमवार म्हणून गावातली झाडून सगळी सलूनं बंद होती.

“पण साहेब, या खुर्चीने चालायची वाट अडते ही तक्रार तुमचीच आहे,” मुकादमाने अर्जच दाखवला.

तुळशीरामने वस्तरा थांबवला. गळ्यावरून मात्र काढला नाही.

गाडीतल्या चौघांनी साहेबांसकट खुर्ची उचलली, तसा वस्तराही बरोबर वर गेला. साहेबांनी अधांतरीच अर्जावर ‘तक्रार मागे’ लिहून सही ठोकली.

खुर्ची खाली आली, दुसरा गाल सुरू झाला. दोन पिशव्या सांभाळत निघालेली एक बाई साहेबांच्या पायांना अडखळली.

“आजोबा, माणसांनी चालायचं कुठून?”

“अहो ताई,” साहेब मान न हलवता म्हणाले, “एवढा मोठा रस्ता पडलाय की!”