नावाचा रकाना

वानरं पुन्हा ओरडली, तशी जंगलाच्या नाक्यावर नोंदी ठेवणाऱ्या करिष्माची बोटं टॅबवर थिजली. पिल्लांची वाघीण नाल्याच्या अलीकडे उतरली होती, आणि पहाटे मोहफुलं वेचायला गेलेल्या बाया अजून जंगलातून परतत होत्या.

"सब्बन बाहेर आल्या न?" वनरक्षक धनराज जीपमधूनच ओरडला. नाक्यावर तेवढी एकच जीप. "मले पलीकडच्या गावाले सांगाले जा लागते. तिथलेबी लोकं आतच आहेत."

"थांबा, भाऊ! तिघी राहिल्यात."

आत जाताना नोंद, येताना नोंद. आत असलेल्या बाईची ओळ लाल, परतली की हिरवी. हा तक्ता करिष्मानंच बांधला होता आणि तिला त्याचा कोण अभिमान! नाक्यावर नेटवर्क रडतखडत चालतं, म्हणून तक्ता हलका हवा. लांबलचक नावांचा रकाना तिनं सरळ उडवला. नावं फार जागा खातात. त्याऐवजी मोबाइल नंबर, साधा आकड्याचा रकाना. आठ बाइटांत अख्खा माणूस बसला. एक नंबर, एक ओळ. पहाटेच्या गर्दीत टॅबनं 'नोंद आधीच आहे' अशी एकदा कुरकुर केली होती, पण आपलंच बोट दोनदा लागलं असेल म्हणून तिनं तिकडे काणाडोळा केला.

तिघी धापा टाकत आल्या. नंबर सांगून झाले. शेवटची ओळ हिरवी झाली आणि करिष्माच्या जिवात जीव आला.

"सगळ्या आल्या, भाऊ! जा तुम्ही!"

जीप धुरळा उडवत वळणाआड गेली. करिष्मानं फाटकाला कुलूप घातलं. वळली, तर पळसाखाली गुणाबाई बसलेली. तिची ओळ तर सगळ्यांत आधी हिरवी झाली होती. पुढ्यात मोहाची टोपली, आणि नजर फाटकाच्या आत.

"गुणाबाई, घरी नाई जात काय? सगळ्या गेल्या न."

"जातो न, पोरी. सून येऊ दे. सकाळी माह्या मागंच तं होती."

करिष्मानं घाईघाईनं टॅब उघडला. "तिचा नंबर सांगा, बाई. लवकर!"

म्हातारीनं पदराची गाठ सोडली आणि आतला मोबाइल तिच्यापुढे धरला.

"हाच न. आमच्या घरी एकच आहे."