शाळेचा फोन

डोंबिवलीतल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा फोन एकच, ओगलेकाकूंकडे. त्यामुळे शाळेने काकूंच्या मुलासकट आमच्या सगळ्या मुलांच्या नावापुढे तोच नंबर लिहून ठेवलेला. शाळेतून फोन आला की काकू गॅलरीत येऊन ओरडायच्या, "अगं हेमा, तुझ्या परागनं परत काच फोडली! बाईंनी बोलावलंय!" अख्खी बिल्डिंग ऐकायची.

त्या दुपारी आम्ही सगळ्या काकूंकडे पापड लाटत होतो. फोन वाजला. "बोला बाई, आज कोणाचा प्रताप?" काकूंनी उत्साहाने विचारलं. मग त्यांचा चेहराच उतरला. "राँग नंबर," म्हणत त्यांनी रिसीव्हर ठेवला.

फोन लगेच परत वाजला.



या वेळी हेमाने उचलला, सगळं नीट ऐकून घेतलं आणि पिठाचे हात पुसत ती गॅलरीकडे निघाली.