डावा कौल

त्र्याऐंशीच्या श्रावणात खारवीवाडीत तापाची साथ शिरली आणि धोंडूबाईची सून अंथरुणाला खिळली. सरकारी डॉक्टरांनी देशी कारखान्यातल्या गोळ्या आणल्या, पण कुणी हात लावेना. मुंबईच्या चाकरमान्यांनी सांगितलं होतं, खरी गोळी परदेशी कंपनीची. ती रत्नागिरीत कुठेच नव्हती. “औषध तेच आहे,” डॉक्टर म्हणाले. “बनवायची रीत तेवढी आपली, आणि आपला पेटंटचा कायदा त्याला आडवा येत नाही.” तरी वाडी कौल घ्यायला देवळात जमली. गुरवाने देवीला पाकळ्या लावून विचारलं, “आई, ही स्वस्तातली गोळी घ्यावी काय?” डावी पाकळी पडली, म्हणजे नको. माणसं उठू लागली. धोंडूबाई मात्र हलली नाही. ती गुरवाला म्हणाली, “आता असं इचार, परदेशी गोळी येईपर्यंत पोरीनं थांबायचं काय?” पुन्हा डावीच पडली, म्हणजे थांबायचं नाही. धोंडूबाईने हसत देवळाच्या दारात उभ्या डॉक्टरांपुढे पदर पसरला. “आईनं सांगायचं ते सांगितलं. द्या गोळ्या.”