एफीची जागा

स्कॉटलंडमधल्या ग्रीनॉक गावच्या वृद्धाश्रमात भांडी घासणारी शोना आपल्या दोन वर्षांच्या एफीसाठी सरकारी नर्सरीत जागा मागायला गेली.

"तीन पूर्ण झाल्यावर ये गं," कौन्सिलमधली, म्हणजे तिथल्या नगरपालिकेतली, बाई म्हणाली. "दोन वर्षांची पोरं अगदी नडलेल्या घरांतलीच घेतात. तू तर कमावतेस."

"मग कामावर जाताना हिला खिशात घालून नेऊ?"

एके दिवशी एफीला सांभाळायला पैसे देऊन ठेवलेली बाई आलीच नाही, आणि आणखी एक खाडा म्हणजे नोकरी गेली असती. शोनाने एफीला कार्टून लावून दिलं आणि बाहेरून कुलूप घातलं. पोरीचं रडणं ऐकून शेजारणीने पोलिसांना फोन केला. त्या संध्याकाळी एफी सरकारने नेमलेल्या परक्या घरी जेवली.



आठवड्याने कौन्सिलचं पत्र आलं: एफीला नर्सरीत जागा मंजूर. कारण, मूल आता आईजवळ राहत नाही.