पुस्तकातल्यासारखी नाडी

"हे आपले काका," फिजिओथेरपीच्या मॅडम म्हणाल्या, आणि अभ्यास सहलीला आलेल्या विद्यार्थ्यांनी ट्रेडमिलभोवती कोंडाळं केलं. "बायपास झालेले. व्यायाम हेच औषध, हे वर्गात बसून कळत नाही. म्हणून तर तुम्ही एवढा प्रवास करून आलात. लाजू नका. बघा, हात लावा, विचारा."

काका लाजतात का, हे कोणी विचारलं नाही. ते बनियनवर उभे होते. छातीला चकत्या चिकटवलेल्या, कमरेला एक छोटी डबी. डबीतून काकांचं हृदय थेट एका उंच मुलीच्या हातातल्या पडद्यावर जात होतं. बायकोलाही आजवर एवढा थेट प्रवेश मिळाला नव्हता.

पट्टा सुरू झाला. काका चालू लागले.

काका बसचे ड्रायव्हर. पुन्हा गाडीवर बसायचं तर 'वाहन चालवण्यास योग्य' यावर मॅडमची सही हवी होती, आणि गोची तिथेच होती. काकांची नाडी पुस्तकातल्यासारखी चालायची. चढ दिला की हवी तेवढीच चढायची, थांबलं की गुणी मुलासारखी खाली यायची. बाकीच्या पेशंटच्या नाड्या आपापल्या लहरीने वागत. असा पेशंट हातचा जाऊ द्यायला मॅडम काय खुळ्या होत्या?

"एवढी बॅच होऊ द्या, काका. मग लगेच सही." हे मागच्या बॅचलाही झालं होतं. तिच्या आधीच्या बॅचलाही. मध्यंतरी काकांनी मुद्दाम वाईट चालून पाहिलं. धापा टाकल्या, दांड्याला लोंबकळले, एकदा तर "आई गं" असंही म्हणाले. मॅडमनी शांतपणे उपचार वाढवून ठेवले. दुसऱ्या दवाखान्यात गेले, तर तिथले डॉक्टर म्हणाले, तुमची फाइल मॅडमकडे आहे ना, मग त्यांनाच विचारा. चांगलं चाललं तर मॅडमना सोडवत नव्हतं, वाईट चाललं तर सोडता येत नव्हतं. पट्टा पुढे जात होता आणि काका होते तिथेच होते.

"काका, आत्ता कसं वाटतंय?" एका चष्मेवाल्या मुलाने विचारलं.

"नवरदेवासारखं. सगळे माझ्याकडेच बघतायत. पण नवरदेवाला शेवटी घरी सोडतात."

मुलाने वहीत लिहिलं: मनःस्थिती उत्साही.

"मॅडम," काका चालता चालता म्हणाले, "तेवढी सही."

"ऐकलंत?" मॅडम विद्यार्थ्यांकडे वळल्या. "बोलत बोलत चालता येतंय, म्हणजे व्यायामाचा जोर योग्य आहे. मशीन नसलं तरी ही परीक्षा घेता येते."

"मॅडम, मी खरंच विचारतोय. घरात बसून बसून मी बायकोला गिअर कसा टाकायचा ते सांगायला लागलोय. ती पोळ्या लाटत असते."

"तीन पूर्ण वाक्यं. मध्ये दम घेतला नाही. लिहून घ्या."

काकांनी लाल बटण दाबलं. पट्टा थांबला. ते उतरले आणि तसेच बनियनवर दाराबाहेर पडले.

"कोणी अडवू नका," मॅडम हळूच म्हणाल्या. "व्यायाम थांबवल्यावर लगेच बसायचं नसतं, सावकाश चालत राहायचं असतं. बघा, न सांगता करतायत."

अख्खी बॅच पाय न वाजवता काकांच्या मागे निघाली. काका जिना उतरले, तर मॅडम कुजबुजल्या, "लिफ्ट टाळली." काकांनी वेग वाढवला, तर कौतुकाची एक लाट मागून आली. काकांनी मागे वळून एक शिवी हासडली. तीही कोणीतरी लिहून घेतली असावी.

बाहेर आवारात या मुलांचीच बस उभी होती. दार उघडं, ड्रायव्हर चहाला गेलेला. काका चढले आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. सीट थोडी मागे घेतली. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

दारात गर्दी झाली.

"मॅडम," उंच मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, "नाडी उतरली. सकाळी पलंगावर पडून घेतली होती, त्याहूनही खाली."

काकांनी मान वळवली. "बघा. तुमचंच मशीन सांगतंय. मी इथे बरा असतो, मॅडम. करा सही आणि सोडा मला."

मॅडम दोन पायऱ्या चढून आल्या. त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, इतकी वर्षं शिकवतेय, पण हे मी कुठे वाचलं नव्हतं."

"मग?"

"मग काय? पुढच्या बॅचच्या वेळी मी गेटवरच सांगून ठेवते, बस रिकामी ठेवा म्हणून." त्या मागे वळल्या. "चला, सगळे आत. खिडकीवरून भांडू नका. मागच्यांना दिसतंय ना?"

मुलं भराभर चढली. जागा धरल्या गेल्या, वह्या उघडल्या गेल्या. शेवटच्याने दार ओढून घेतलं.

काकांनी किल्लीच्या जागी हात नेला. किल्ली नव्हती. ती चहा प्यायला गेली होती.

"काका," मागून चष्मेवाला अदबीने म्हणाला, "जरा वळून दाखवता का? डावीकडे चालेल."

काकांनी आरसा नीट केला, मागून कोणी येत नाही याची खात्री करून घेतली, आणि खिडकीतून हात बाहेर काढून इशारा दिला. इंजिन बंद होतं, त्यामुळे स्टिअरिंग जड लागत होतं. काकांनी दोन्ही हातांनी जोर लावून ते डावीकडे फिरवलं.